महाकाय ग्रह की ‘अयशस्वी तारा’? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरूपेक्षा दहा-वीस पट जड असा एखादा पिंड सापडल्याची बातमी आली की त्याला ग्रह म्हणायचे की तारा, हा प्रश्न लगोलग उभा राहतो. उत्तर एका आकड्यात देता येते आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच दिलेले असते. परंतु तो आकडा कुठून आला आणि तो कुठे अपुरा पडतो, हे समजून घेतल्याशिवाय या विषयातली खरी गंमत हाती लागत नाही. पुढील उत्तरांत वस्तुमान ‘गुरूच्या पटीत’ दिले आहे, कारण या क्षेत्रात तेच माप रूढ आहे. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे आणि सूर्य गुरूच्या सुमारे १,०४७ पट.

महाकाय ग्रह नेमके कशाला म्हणतात?

ज्या ग्रहाचा बहुतांश भाग हायड्रोजन आणि हेलियम या दोन हलक्या वायूंचा बनलेला आहे आणि ज्याला पाय ठेवण्याजोगा कठीण पृष्ठभाग नाही, तो वायुरूप महाकाय ग्रह. आपल्या सूर्यमालेत गुरू आणि शनी हे असे दोन ग्रह आहेत. युरेनस आणि नेपच्यून यांनाही पुष्कळदा महाकाय म्हटले जाते, पण त्यांच्यात पाणी, अमोनिया व मिथेन यांसारख्या जड घटकांचा वाटा फार मोठा असल्याने त्यांचा गट वेगळा मानतात, आणि येथील चर्चेशी त्यांचा संबंध नाही.

मग ‘अयशस्वी तारा’ म्हणजे काय?

तपकिरी बटू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिंडांना लोकप्रिय लेखनात ‘अयशस्वी तारा’ म्हणतात. ढोबळमानाने गुरूच्या १३ पटींपासून ७५-८० पटींपर्यंत वस्तुमान असलेले हे पिंड आहेत. वायू आणि धूळ यांचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावत गेला, त्याच्या मध्यभागी उष्णता साठत गेली, पण साध्या हायड्रोजनचे हेलियममध्ये स्थिरपणे संमीलन (हलकी अणुकेंद्रे जुळून जड अणुकेंद्र बनणे आणि ऊर्जा निघणे) सुरू होण्याइतकी ती कधीच वाढली नाही, अशी त्यांची थोडक्यात कथा आहे. तारा होण्यासाठी जे कायमस्वरूपी इंधन पेटावे लागते ते त्यांच्यात पेटत नाही, म्हणून ‘अयशस्वी’. हे विशेषण मला पटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ढग आकुंचन पावतच राहिला तर तापमान वाढतच जायला हवे. मग ते मध्येच थांबते का?

या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

वायूचा गोळा आकुंचन पावला की त्याचे केंद्र तापते. सूर्यासारख्या ताऱ्यात हे आकुंचन चालू असतानाच केंद्र इतके तापते की संमीलन सुरू होते, त्यातून निघणारी ऊर्जा गुरुत्वाकर्षणाचा भार पेलते आणि तारा स्थिरावतो. सूर्याच्या केंद्राचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. अगदी लहान ताऱ्यात हायड्रोजनचे संमीलन सुमारे ३० लाख अंशांवरही रेंगाळत का होईना चालते. परंतु गोळ्याचे वस्तुमान कमी असेल, तर तेवढे तापमान गाठण्यासाठी त्याला खूपच जास्त दाटावे लागते, आणि तिथे पुंजयामिकीचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म जगाच्या शास्त्राचा, एक नियम आड येतो. दोन इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. द्रव्य फार दाटले की इलेक्ट्रॉनांना खालच्या अवस्थांमध्ये जागा उरत नाही, ते अधिकाधिक वेगाच्या अवस्थांमध्ये ढकलले जातात आणि त्यातून असा दाब निर्माण होतो, ज्याचा तापमानाशी जवळजवळ संबंधच नसतो. पिंड थंड झाला तरी हा दाब टिकतो. एकदा त्याने भार पेलला की आकुंचन थांबते, आणि आकुंचन थांबले की तापण्याचे कारणच संपते.

म्हणजे प्रत्येक वायुगोळ्यात एक शर्यत लागलेली असते. आधी संमीलनाचे तापमान गाठले गेले तर तो तारा होतो. आधी इलेक्ट्रॉनांचा दाब आडवा आला तर तो तपकिरी बटू किंवा ग्रह राहतो. ७५-८० पटींची सीमा ही या शर्यतीच्या निकालाची सीमा आहे. ती अगदी एका आकड्यावर बसत नाही, कारण पिंडात जड (म्हणजे हेलियमहून जड) मूलद्रव्ये किती आहेत यावर बाहेरच्या थरांतून उष्णता किती सहज निसटते हे ठरते आणि त्यानुसार सीमा थोडी पुढेमागे सरकते. तरीही निसर्गानेच आखलेली रेघ म्हणावी तर ती हीच.

आणि खालची १३ पटींची सीमा कशावरून आली?

ड्यूटेरियमवरून. ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, ज्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉनही असतो. साध्या हायड्रोजनच्या मानाने त्याचे संमीलन फार सोपे आहे. त्यासाठी दहा लाख अंशांच्या आसपासचे तापमान पुरते, आणि गुरूच्या सुमारे १३ पट जड असलेल्या पिंडाचे केंद्र तेवढे तापू शकते. अडचण एवढीच, की विश्वात ड्यूटेरियम फार थोडे आहे: हायड्रोजनच्या एक लाख अणूंमागे जेमतेम दोन. त्यामुळे हे इंधन पिंडाच्या एकूण आयुष्याच्या मानाने लवकर संपते आणि ते जळून गेल्यावर पिंडाच्या दिसण्यात किंवा रचनेत कोणताही मोठा कायमचा फरक उरत नाही.

शिवाय हा आकडाही पक्का नाही. हेलियमचे व जड मूलद्रव्यांचे प्रमाण, सुरुवातीला असलेले ड्यूटेरियम आणि त्यातले किती टक्के जळाले की ‘जळाले’ म्हणायचे, या गोष्टी बदलल्या की सीमा सुमारे ११ पटींपासून १६ पटींपर्यंत कुठेही येऊ शकते. म्हणून १२ पट म्हणजे ग्रह आणि १४ पट म्हणजे तपकिरी बटू असे ठामपणे सांगणाऱ्या वाक्याकडे जरा सावधपणेच पाहावे.

तपकिरी बटू गुरूपेक्षा आकाराने किती मोठे असतात?

बहुतेक वेळा मोठे नसतातच, आणि पहिल्यांदा ऐकताना हे कोणालाच खरे वाटत नाही. गुरूच्या वस्तुमानापासून त्याच्या ७०-८० पट वस्तुमानापर्यंतचे, वय झालेले सगळे पिंड जवळपास गुरूच्याच आकाराचे असतात. अधिक द्रव्य घातले की गुरुत्वाकर्षण वाढते, ते पिंडाला अधिक दाबते आणि फुगण्याऐवजी तो आतल्या आत दाटतो. सर्वांत जड तपकिरी बटू तर गुरूहून किंचित लहानही असू शकतात. ‘ईबीएलएम जे०५५५-५७एबी’ या अवघड नावाचा एक खराखुरा तारा आहे, ज्याच्यात हायड्रोजनचे संमीलन चालते; त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ८५ पट आहे आणि आकार मात्र शनीएवढा.

फरक पडतो तो घनतेत. गुरूची सरासरी घनता पाण्याच्या १.३३ पट आहे. ५ मिलिलिटरचा एक चमचा घेतला आणि त्यात गुरूचे सरासरी घनतेचे द्रव्य भरले, तर त्याचे वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरेल. तोच चमचा सोन्याने भरला तर ९६ ग्रॅम. आणि गुरूच्याच आकाराच्या, पण ६० पट जड तपकिरी बटूचे द्रव्य त्याच चमच्यात घेतले तर सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे सोन्याच्या चौपट. आणि हे सगळे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम आहे, जे आपल्याला फुग्यात भरायचे वायू म्हणूनच माहीत आहेत. त्या पिंडाच्या दृश्य पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे १५० पट असते. पृथ्वीवर ६० किलो भरणाऱ्या माणसाचे वजन तेथे नऊ हजार किलो भरेल.

गुरूला ‘थोडक्यात हुकलेला तारा’ म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही. तारा होण्यासाठी गुरूला आजच्या ७५ पटींहून अधिक वस्तुमान लागले असते, आणि नुसता तपकिरी बटू होण्यासाठीही सुमारे १३ पट. सूर्यमालेतील उरलेले सगळे ग्रह गुरूत ओतले तरी त्यांची बेरीज पृथ्वीच्या १२९ पटींच्या आसपासच होते, म्हणजे गुरू आजच्या १.४ पट होईल आणि तिथेच गाडी थांबेल. हुकले असे म्हणण्याइतका गुरू त्या वाटेवर कधी नव्हताच.

गुरूवर अणुस्फोट केला किंवा किरणोत्सारी पदार्थ टाकला तर तो पेटू शकेल का?

हा प्रश्न २००३ साली फार विचारला गेला. त्या वर्षी २१ सप्टेंबरला गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात सोडून नष्ट करण्यात आले आणि त्यावर वीजनिर्मितीसाठी प्लुटोनियम असल्याने गुरू पेटेल अशी भीती काहींनी व्यक्त केली. तसे काही झाले नाही आणि होणे शक्यही नव्हते. कागद पेटवल्यावर आग पसरते तसे संमीलन पसरत नाही. ते टिकायला प्रचंड तापमान आणि प्रचंड घनता सतत राखून ठेवावी लागते, आणि ती राखण्याचे काम फक्त स्वतःचे वजन करू शकते. गुरूचे वजन तेवढे नाही.

गुरू स्वतः उष्णता बाहेर टाकतो असे वाचले आहे. मग तो ताऱ्यासारखाच नाही का?

गुरू सूर्याकडून जेवढी उष्णता शोषतो त्याहून बरीच अधिक, जवळपास दुप्पट, बाहेर टाकतो. परंतु ती उष्णता त्याच्या जन्माच्या वेळच्या आकुंचनातून साठलेली आहे आणि साडेचार अब्ज वर्षे ती हळूहळू झिरपत आहे. तपकिरी बटूही ड्यूटेरियम संपल्यावर नेमके हेच करतात. या एका बाबतीत दोघेही एकाच घराण्यातले आहेत.

वस्तुमान समजले की ग्रह आणि तपकिरी बटू हा निवाडा संपला, असे मानावे का?

माझे मत विचाराल तर नाही. वस्तुमान हे पिंडाचे वजन सांगते, त्याचा जन्म सांगत नाही. आणि या दोन गटांतला महत्त्वाचा फरक जन्मात आहे.

तारा आणि तपकिरी बटू वरून खाली तयार होतात. विशाल, थंड आणि खळबळत्या वायुमेघाचा एखादा दाट भाग आपल्याच भाराने कोसळतो, त्याचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याचा एक पिंड होतो. ही प्रक्रिया खाली गुरूच्या काही पट वस्तुमानापर्यंत पोहोचू शकते. त्याहून लहान तुकडा स्वतःची उष्णता पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही, म्हणून तो आणखी तुटत नाही. ग्रह बहुधा खालून वर तयार होतो. नवजात ताऱ्याभोवती फिरणाऱ्या तबकडीत धुळीचे कण चिकटतात, त्यांचे खडे, खड्यांचे डोंगर आणि डोंगरांचा एक गाभा होतो. हा गाभा पृथ्वीच्या सुमारे दहापट जड झाला की तो भोवतालचा वायू वेगाने ओढून घेऊ लागतो आणि पाहता पाहता महाकाय होतो. मात्र हे सारे काही दशलक्ष वर्षांच्या आत उरकावे लागते, कारण त्यानंतर तबकडीतला वायूच नाहीसा होतो. तिसरी एक वाटही आहे: तबकडीच जड आणि थंड असेल तर तिचाच एखादा भाग थेट कोसळून पिंड तयार होतो. तिथे ग्रहाचे घर आणि ताऱ्याची पद्धत एकत्र येते, आणि वर्गीकरण करणाऱ्याची कसोटी लागते.

अडचण उघड आहे. खालून वर वाढलेला एखादा ग्रह १५ पटींपर्यंत गेला, तर त्याच्यात ड्यूटेरियम जळेल. तेवढ्यावरून त्याला तपकिरी बटू म्हणायचे का? आणि मेघातून थेट कोसळलेला, ताऱ्यांसारखा जन्मलेला, पण ८ पटींचाच असलेला पिंड ग्रह कसा?

जन्म तर कोणी पाहिलेला नसतो. तो ओळखायचा कसा?

पिंडाच्या अंगावर राहिलेल्या खुणांवरून. गाभ्याभोवती वाढलेल्या ग्रहात जड मूलद्रव्यांचे प्रमाण त्याच्या ताऱ्यापेक्षा जास्त असणे अपेक्षित आहे, कारण त्याने वायूबरोबर खडक आणि बर्फही गिळलेले असतात. गुरूच्या बाबतीत हे थेट मोजलेले आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ मोहिमेची एक लहान कुपी गुरूच्या वातावरणात उतरली आणि तिला कार्बनसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या सुमारे तिप्पट किंवा अधिक आढळले. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या गुरुत्वीय मोजमापांवरून त्याचा गाभा टणक गोळीसारखा नसून बराच विरघळलेला, पसरलेला असावा असेही दिसले. म्हणजे आपल्या शेजारच्या ग्रहाचीही जन्मकथा पाठ्यपुस्तकातल्याइतकी सरळ नाही. मेघातून कोसळलेल्या तपकिरी बटूची रासायनिक घडण मात्र त्याच्या सोबतच्या ताऱ्यासारखीच असायला हवी. आता मोठ्या दुर्बिणींनी दूरच्या पिंडांच्या वर्णपटातून (रंगांनुसार फोड केलेल्या प्रकाशातून) कार्बन आणि ऑक्सिजन यांचे परस्परप्रमाण काढून हीच तुलना केली जाते.

दुसरी खूण ताऱ्याची. जड मूलद्रव्यांनी समृद्ध असलेल्या ताऱ्यांभोवती महाकाय ग्रह अधिक सापडतात, कारण तेथे गाभे बनायला कच्चा माल भरपूर असतो. तपकिरी बटूंच्या बाबतीत असा कल दिसत नाही.

‘तपकिरी बटूंचे वाळवंट’ म्हणजे काय?

सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती, पृथ्वी-सूर्य अंतराच्या काही पटींच्या आतल्या कक्षांमध्ये ग्रह पुष्कळ सापडतात, लहान साथीदार तारेही सापडतात, पण तपकिरी बटू फारच क्वचित आढळतात. एक टक्क्याहूनही कमी ताऱ्यांभोवती. या ओसाड पट्ट्याला वाळवंट म्हणतात. जड तपकिरी बटू शोधणे हलक्या ग्रहापेक्षा सोपे असते, त्यामुळे ते आहेत पण दिसले नाहीत असा बचाव येथे चालत नाही. दोन वेगळ्या जन्मप्रक्रियांचे दोन डोंगर आणि मध्ये दरी, असेच हे चित्र वाटते, आणि जन्म हीच खरी विभागणी आहे या म्हणण्याला मिळालेला हा सर्वांत बोलका पुरावा मला वाटतो.

दूरच्या पिंडाचे वस्तुमान मोजतात कसे, आणि त्यात चूक होऊ शकते का?

पिंड ताऱ्याभोवती फिरत असेल तर ताऱ्याच्या डगमगण्यावरून वस्तुमान काढता येते. परंतु तारा आपल्या दिशेने किती वेगाने पुढेमागे होतो एवढेच या पद्धतीत कळते, कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे कळत नाही, म्हणून हाती येते ते किमान वस्तुमान. याचे बोलके उदाहरण एचडी ११४७६२ या ताऱ्याचे आहे. १९८९ साली त्याच्याभोवती ८४ दिवसांत फेरी मारणारा, गुरूच्या किमान ११ पट वस्तुमानाचा साथीदार जाहीर झाला आणि पहिल्या बाह्यग्रहाचा (सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा) मान त्याला द्यावा का यावर दीर्घकाळ चर्चा झाली. पुढे गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांनी दाखवून दिले, की ती कक्षा आपल्याला जवळपास समोरून दिसते आहे आणि तो साथीदार ग्रहही नाही, तपकिरी बटूही नाही. तो एक लहानसा तारा आहे.

एकट्याने फिरणाऱ्या पिंडाचे वस्तुमान काढणे याहून कठीण, कारण तेथे डगमगणारा ताराच नसतो. तपकिरी बटू आयुष्यभर थंड होत जातात, त्यामुळे एकच तेज एखाद्या तरुण आणि हलक्या पिंडाचे असू शकते किंवा म्हाताऱ्या आणि जड पिंडाचे. वय माहीत नसेल तर या दोघांत फरक करणे अवघड जाते. वर्णपटातील सोडियम-पोटॅशियमच्या रेषा थोडी मदत करतात: तरुण पिंड फुगलेला आणि कमी गुरुत्वाचा असल्याने त्याच्यात त्या क्षीण दिसतात.

लिथियम चाचणीबद्दल ऐकले आहे. ती काय आहे?

खऱ्या ताऱ्यापासून तपकिरी बटू वेगळा ओळखण्याची ती एक सुंदर युक्ती आहे. लिथियम साधारण २५ लाख अंशांवर नष्ट होते, म्हणजे हायड्रोजनच्या संमीलनाच्या किंचित आधी. लहान ताऱ्यांत वरचा वायू खाली आणि खालचा वर असा सतत ढवळला जातो, त्यामुळे सगळे लिथियम कधी ना कधी केंद्रापाशी पोहोचते आणि साधारण दहा कोटी वर्षांत संपते. गुरूच्या ६०-६५ पटींहून हलक्या तपकिरी बटूत ते कायम टिकते. वर्णपटात ६७०.८ नॅनोमीटरपाशी एक बारीक काळी रेघ दिसली, आणि पिंड पुरेसा वयस्कर व थंड असेल, तर तो तारा नाही हे त्या एका रेघेवरून सांगता येते. अगदी तरुण ताऱ्यांत लिथियम अजून जळायचे असते, त्यामुळे तेथे ही चाचणी लागू पडत नाही.

पहिला तपकिरी बटू कधी सापडला?

कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी शिव कुमार यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानमध्ये हायाशी व नाकानो यांनी, हायड्रोजन न पेटलेले असे पिंड असले पाहिजेत हे गणिताने दाखवले. कुमार त्यांना ‘काळे बटू’ म्हणत. ते नाव विझलेल्या श्वेत बटूंसाठीही (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांसाठीही) वापरात असल्याने गोंधळ होई, म्हणून १९७५ साली जिल टार्टर यांनी ‘तपकिरी बटू’ हे नाव सुचवले.

प्रत्यक्ष शोध लागायला १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कृत्तिका तारकागुच्छात स्पेनच्या संशोधकांना टेइडे १ सापडला. त्याच वर्षी नाकाजिमा, ओपेनहायमर, श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ग्लीझ २२९ या तांबड्या बटूचा, म्हणजे लहान व थंडसर ताऱ्याचा, अंधुक साथीदार ग्लीझ २२९ बी जाहीर केला. त्याच्या वर्णपटात मिथेन होता. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेनचा रेणू टिकूच शकत नाही. गुरूच्या वर्णपटात तो ठळक दिसतो. सुमारे ६५० अंश सेल्सियस तापमानाचा हा पिंड तारा असण्याची शक्यता तिथेच संपली. ही घोषणा झाली ती ऑक्टोबर १९९५ मध्ये फ्लॉरेन्सच्या ज्या परिषदेत, त्याच परिषदेत महाश्व तारकासमूहातील ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या ग्रहाचीही घोषणा झाली. ग्रह आणि तपकिरी बटू यांच्या सीमेवरचा वाद ज्या दोन शोधांनी जागा केला, ते एकाच सभागृहात मांडले गेले होते.

ग्लीझ २२९ बी पुन्हा चर्चेत का आला?

त्याच्या कक्षेवरून काढलेले वस्तुमान गुरूच्या सुमारे ७१ पट भरत होते, पण इतका जड पिंड या वयात जेवढा तेजस्वी असायला हवा त्याहून तो खूपच मंद होता. २०२४ साली उलगडा झाला: तो एक पिंड नसून दोन आहेत. साधारण ३८ आणि ३४ पटींचे दोन तपकिरी बटू बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. पिंडाच्या थंड होण्याबद्दलचे आपले गणित बरोबर होते, मोजणीत एक डोके कमी धरले गेले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तपकिरी बटू खरोखर तपकिरी दिसतात का?

नाही. जवळून पाहिल्यास ते गडद तांबूस किंवा किरमिजी दिसतील. त्यांचा बहुतेक प्रकाश अवरक्त असतो, जो डोळ्यांना दिसतच नाही.

त्यांच्यावर हवामान असते का?

असते, आणि ते ताऱ्यांपेक्षा ग्रहांच्या हवामानाच्या जवळचे आहे. तापमानानुसार तपकिरी बटूंचे एल, टी आणि वाय असे वर्ग केले जातात; सर्वांत तरुण व उष्ण तपकिरी बटू ताऱ्यांच्या एम वर्गातही बसतात. एल वर्गात वाळूच्या जातीच्या खनिजांचे आणि लोखंडाचे ढग असतात. टी वर्गात ते ढग खोल बुडतात आणि मिथेन वर दिसू लागतो. २०११ साली जाहीर झालेल्या वाय वर्गातले पिंड तर आणखी थंड असतात. २०१४ साली सापडलेल्या वाइज ०८५५−०७१४ या पिंडाचे तापमान पाणी गोठण्याच्या आसपास आहे आणि वस्तुमान गुरूच्या ३ ते १० पट. लुमन १६ या जोडीतील एका बटूच्या पृष्ठभागावरील फिकट व गडद पट्ट्यांचा ढोबळ नकाशाही २०१४ मध्ये तयार करण्यात आला.

अधिकृत व्याख्या काय सांगते?

आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या कार्यगटाने २००३ साली कामचलाऊ व्याख्या केली. ताऱ्याभोवती फिरणारा आणि ड्यूटेरियम-सीमेच्या खालचा पिंड तो ग्रह, मग तो कसाही जन्मलेला असो. त्या सीमेच्या वरचा तो तपकिरी बटू. आणि तरुण तारकागुच्छांत एकटे फिरणारे हलके पिंड ग्रह नव्हेत, त्यांना उप-तपकिरी बटू म्हणावे. २०१८ मध्ये तिच्यात भर घातली गेली, की ग्रहाचे वस्तुमान मध्यवर्ती पिंडाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यापेक्षा कमी असावे.

या भरीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. २००४ साली ज्याचे थेट छायाचित्र मिळाले तो २एम१२०७ बी हा गुरूच्या सुमारे पाचपट जड पिंड २५ पटींच्या एका तपकिरी बटूभोवती फिरतो. दोघांचे गुणोत्तर एकास पाच आहे, म्हणून वस्तुमानाने ग्रह ठरूनही नव्या अटीनुसार तो ग्रह ठरत नाही. मला ही अट योग्य वाटते, कारण तिच्यामागे जन्माचा विचार आहे: एवढ्या जवळच्या वस्तुमानांची जोडी जुळ्या ताऱ्यांसारखी जन्मली असण्याचीच शक्यता अधिक. याउलट एचआर ८७९९ या ताऱ्याभोवती छायाचित्रांत दिसलेले चार पिंड, प्रत्येकी गुरूच्या पाच ते दहा पट, दोन्ही अटींत बसतात.

कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या हलक्या पिंडांना ग्रह म्हणावे का?

असे पिंड २००० सालीच मृग नक्षत्रातील सिग्मा ओरायनिस तारकागुच्छात सापडले. त्यांतले काही मेघातून थेट जन्मलेले असतील, तर काही एखाद्या ग्रहमालेतून बाहेर फेकले गेलेले. पहिले उप-तपकिरी बटू, दुसरे भरकटलेले ग्रह. एकेका पिंडाकडे बोट दाखवून तो कोणता हे सांगणे मात्र बहुतेक वेळा शक्य होत नाही.

‘अयशस्वी तारा’ हे नाव तुम्हाला का पटत नाही?

कारण त्यात ताऱ्याला यशाचे माप ठरवले आहे. तपकिरी बटू ताऱ्यांच्याच प्रक्रियेतून जन्मतो, त्याच्याभोवती धुळीची तबकडी असू शकते, साथीदार असू शकतात, ढग आणि वारे असतात, आणि तो कोट्यवधी नव्हे तर अब्जावधी वर्षे टिकतो. शिक्षकांना माझी विनंती राहील, की विद्यार्थ्यांना हे नाव सांगावे, पण त्यावर थांबू नये. नाहीतर गुरूलाही तेच नाव चिकटते आणि दोन अगदी भिन्न जन्मकथा एका शब्दात गाडल्या जातात.

त्यांचा शेवट कसा होतो?

स्फोट नाही, फुगणे नाही. ते केवळ थंड होत जातात. ८० पटींचा तारा आपले इंधन पुरवून पुरवून लाखो कोटी वर्षे जळत राहील; ७० पटींचा तपकिरी बटू तोवर केव्हाच टी आणि वाय वर्ग ओलांडून गुरूसारखा गार झालेला असेल.

तपकिरी बटू नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

एकही दिसत नाही. लुमन १६ आपल्यापासून अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याला त्याहून जवळच्या फक्त दोन तारकाप्रणाली आहेत, आणि तरीही तो २०१३ पर्यंत कोणाच्या नजरेस आला नव्हता. मात्र एक गोष्ट करता येते. मृगाच्या खाली शशक हा लहान तारकासमूह आहे. काळोख्या जागेवरून, नकाशा हाताशी ठेवून, चांगल्या द्विनेत्रीतून तेथे आठव्या प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद) ग्लीझ २२९ हा तांबूस ठिपका शोधता येतो. आपल्यापासून तो सुमारे १९ प्रकाशवर्षांवर आहे. त्या ठिपक्याला जवळजवळ चिकटूनच, द्विनेत्रीला कधीही न दिसणारे ते दोन तपकिरी बटू बारा दिवसांची फेरी घालत असतात.